पुन्हा उभे राहिलेले रोम

घरातले वडीलधारे माणूस छायाचित्र न काढताच निघून गेले, म्हणजे मागे राहिलेल्यांची मोठी पंचाईत होते. भिंतीवर लावायला तसबीर हवी असते. मग एखाद्या चित्रकाराला बोलावतात. कोणी सांगते, नाक थेट धाकट्या काकांसारखे होते. कोणी म्हणते, कपाळ आत्याबाईंनी जसेच्या तसे उचलले आहे, त्यांच्याकडे पाहा. पगडी की रुमाल यावर दोघी बहिणींत तासभर वाद होतो. चित्रकार सर्वांचे ऐकून घेतो, उरलेले आपल्या पदरचे घालतो आणि तसबीर तयार होते. दोन पिढ्या उलटल्या की तेच आजोबांचे खरे रूप ठरते. त्यातले नाक कोणाचे आणि पगडी कोणाच्या सांगण्यावरून आली, हे विचारणारेही कोणी उरत नाही.

गेलेल्या माणसांचे होते तेच गेलेल्या शहरांचेही होते. फरक इतकाच, की शहराची तसबीर काढायला काका आणि आत्या नसतात. तेथे साक्षीला असतात मोडके खांब, अर्धवट शिलालेख, जुन्या ग्रंथांतले चार उल्लेख आणि पुष्कळसा अंधार. या अंधारातून दहा लाख वस्तीचे जुने रोम पुन्हा उभे करण्याचा ध्यास एका अमेरिकन पंडिताने घेतला आणि उमेदीची वर्षे त्यात घातली. त्यांचे नाव बर्नार्ड फ्रिशर. त्यांची हकीकत या दिवाळीत आपणांस सांगावी असे मनात आहे. वरवर पाहिले तर ती संगणकाची हकीकत आहे. पण माझ्या मते ती त्याहून अधिक प्रामाणिकपणाची हकीकत आहे.

रोमचा नाश शत्रूंनी केला असे आपण शाळेत शिकतो. ते खरेच आहे, पण निम्मेच. उरलेला नाश रोमच्या लेकरांनी स्वतःच्या हातांनी केला. संगमरवर भट्टीत घातला की उत्तम चुना होतो, हे ध्यानात आल्यावर देवळांचे खांब, देवांच्या मूर्ती आणि सम्राटांचे पुतळे शतकानुशतके चुन्याच्या भट्टीत गेले. त्या चुन्याने नवी घरे उभी राहिली. मोडक्या देवळाची शिळा उचलून दाराची पायरी करणारी माणसे सर्व देशांत असतात. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.

या भट्टीत एक फार मोलाची वस्तू गेली. इसवी सनाच्या २०३ ते २११ या काळात, सेप्टिमियस सेव्हेरस या सम्राटाच्या अमदानीत, रोमन लोकांनी आपल्या सबंध शहराचा नकाशा संगमरवरावर कोरून काढला होता. दीडशे शिळा, अठरा मीटर रुंद आणि तेरा मीटर उंच अशी ती भिंत! तीत देवळे आणि नाट्यगृहे तर होतीच, पण खोल्या, जिने, गल्लीबोळातली दुकानेसुद्धा रेषारेषांनी दाखविली होती. आज त्या नकाशाचा एक दशांशाहून थोडाच अधिक भाग उरला आहे, तोही हजारावर तुकड्यांत. १५६२ साली त्याचे पहिले तुकडे सापडले. तेव्हापासून आजवर पंडितांच्या कितीतरी पिढ्या हा तुकडा त्या तुकड्याला लागतो का, हे पाहत बसल्या आहेत. २०२४ च्या जानेवारीत रोममध्ये या तुकड्यांसाठी एक स्वतंत्र संग्रहालय उघडले. तेथे ते जमिनीवर मांडून वर काच घातली आहे आणि पाहणारे त्या काचेवरून चालतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोदोल्फो लान्चानी नावाच्या पुरातत्त्वज्ञाने शहराखाली जेथे जेथे जुनी भिंत सापडली तिची नोंद करून शेहेचाळीस मोठ्या कागदांवर रोमचा नकाशा छापला. या नकाशाचा आधार घेऊन १९३३ साली इटालो गिस्मोंदी या वास्तुतज्ज्ञाने प्लास्टरचे रोम करावयास घेतले. आपल्याकडे दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात. गिस्मोंदींचे रोम हा त्याच जातीचा खेळ, पण चार दशके चाललेला. मूळच्या अडीचशे पट लहान असा हा नमुना सोळा-सतरा मीटर लांबरुंद झाला. त्यात कोलोसियमची उंची वीतभरही नाही आणि माणूस करून ठेवायचा म्हटले तर तो तांदळाच्या दाण्याएवढा भरेल. १९३७ साली मुसोलिनीच्या राजवटीत सम्राट ऑगस्टसच्या नावाने मोठे प्रदर्शन भरले, त्यात हे रोम लोकांना दाखविले गेले. नवे साम्राज्य मागणाऱ्या हुकूमशहाला जुन्या साम्राज्याची झगझगीत तसबीर हवीच होती. तसबीर काढून घेणाऱ्याची इच्छा तसबिरीत उतरते ती अशी. गिस्मोंदी मात्र पुढेही, राजवट गेल्यावरसुद्धा, १९७१ पर्यंत त्यात भर घालीत राहिले.

१९७४ साली बर्नार्ड फ्रिशर यांनी हा नमुना पाहिला. ते तेव्हा अवघ्या पंचविशीचे होते. अमेरिकेत पदवी घेऊन जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ते ग्रीक आणि लॅटिनचा अभ्यास करीत होते आणि त्याच सुमारास रोममधील अमेरिकन अकादमीत त्यांना शिष्यवृत्ती मिळाली होती. प्लास्टरच्या त्या शहराभोवती हिंडताना त्यांच्या मनात आले असावे तेच कोणाच्याही मनात येईल: यात शिरता आले तर! परंतु प्लास्टरच्या गल्लीत बोटही शिरत नाही. शिवाय नवा पुरावा सापडला की जुनी इमारत फोडून नवी बसवावी लागते, आणि एका शहरात एकच काळ दाखविता येतो. इच्छा मनात राहिली. तिला लागणारे यंत्र अजून जन्मायचे होते.

मधली वीस वर्षे त्यांनी काय केले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ते शब्दांचे अभ्यासक. १९७६ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत ते शिकवू लागले. १९८२ साली त्यांचा पहिला मोठा ग्रंथ निघाला, तो एपिक्युरस या ग्रीक तत्त्ववेत्त्यावर. एपिक्युरसचे अनुयायी बाजारात उभे राहून प्रचार करणारे नव्हेत. मग त्यांना शिष्य मिळत कसे? फ्रिशर यांचे म्हणणे असे, की गुरूचा पुतळाच हे काम करीत असे. मूळ पुतळा आज नाही. कोठे मस्तकाच्या नकला आहेत, कोठे मस्तक नसलेले धड आहे. त्यांवरून तो पुतळा कसा असेल हे त्यांनी जुळवून पाहिले. पुढे रोमन कवी होरेस याच्या काव्यशास्त्रावरील प्रसिद्ध पत्रकाव्याचा त्यांनी अभ्यास केला आणि शब्दांच्या लकबी मोजून ते कधी लिहिले असावे याचा छडा लावू पाहिला. म्हणजे पाहा, तुकड्यांवरून अखंड वस्तू जुळविणे आणि डोळ्यांना जे वाटते ते आकड्यांनी पडताळणे, या दोन्ही सवयी संगणकाच्या आधीच त्यांच्या अंगवळणी पडल्या होत्या. यंत्र मागाहून आले.

नंतर हा शब्दांचा माणूस मातीत उतरला. रोमच्या ईशान्येला, डोंगराच्या कुशीत, लिचेंझा नावाच्या गावाजवळ एका मोठ्या घराचे अवशेष आहेत. होरेसला त्याच्या आश्रयदात्याने दिलेले शेतघर ते हेच, अशी परंपरा आहे. १९९७ पासून २००१ पर्यंत फ्रिशर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तेथे खोदकाम केले. कवीने केलेले दरीचे वर्णन या जागेशी जुळते, एवढाच या परंपरेचा मुख्य आधार. दारावर होरेसच्या नावाची पाटी लागलेली नाही. दगड किती बोलतो आणि कोठे गप्प बसतो, याचा धडा हातात खुरपे घेतल्यावाचून मिळत नाही.

याच काळात संगणक मोठे झाले. उद्ध्वस्त वास्तू संगणकात उभ्या करून पाहण्याच्या या विद्येला १९९०च्या सुमारास पॉल रायली या इंग्रज अभ्यासकाने ‘आभासी पुरातत्त्व’ असे नाव दिले. नाव नवे होते, भांडवल महाग होते आणि पुष्कळ जाणत्या पंडितांना हा पोरखेळ वाटत होता. अशा वेळी, १९९६च्या सुमारास, फ्रिशर यांनी वास्तुशास्त्राच्या इतिहासकार डायान फाव्हरो आणि वास्तुकार डीन अॅबरनॅथी यांच्या साहाय्याने रोमचे काम हाती घेतले. योजनेचे नाव ‘पुनर्जात रोम’. आधी रोमन फोरम, म्हणजे शहराचा मुख्य चौक, मग कोलोसियम, अशा एकेका वास्तूचे संगणकातले नमुने होऊ लागले. प्रत्येक इमारतीला त्या इमारतीचा अभ्यास केलेल्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यायचा, असा शिरस्ता ठेवला. २००४ साली ते व्हर्जिनिया विद्यापीठात गेले. काम बरोबर गेले.

पण एकेक इमारत करीत सबंध शहर कधी व्हायचे? तेव्हा गिस्मोंदींचे प्लास्टरचे रोम उपयोगी पडले. मिलानच्या तंत्रविद्यापीठातील मंडळींनी लेसर किरणांनी ते सबंध मोजले. विहिरीत खडा टाकून आवाज केव्हा येतो यावरून आपण पाण्याची खोली ताडतो ना, तसेच हे. किरण सोडायचा, तो वस्तूवर आपटून परतला की अंतर कळते. असे असंख्य बिंदू टिपले, की वस्तूचा आकार आकड्यांत उतरतो. ज्या प्लास्टरने एका तरुणाच्या मनात इच्छा पेरली होती, तेच तीस वर्षांनी त्या इच्छेच्या पायात चिरा होऊन बसले.

११ जून २००७ या दिवशी रोमच्या नगरभवनात महापौर वाल्तेर व्हेल्त्रोनी यांच्या उपस्थितीत हे संगणकातले रोम प्रथम प्रकट झाले. काळ निवडला होता इसवी सन ३२० चा. कॉन्स्टंटाइन सम्राटाने ३३० साली आपली नवी राजधानी पूर्वेकडे नेली. त्याआधी रोमचे बांधकाम जेवढे वाढायचे तेवढे वाढून चुकले होते. तटाच्या आत सुमारे ७,००० इमारती. त्यांपैकी तीसेक अशा, की आत शिरून भिंतींवरची नक्षीही पाहता यावी. २००८ साली हे रोम गूगलच्या पृथ्वीच्या नकाशात घातले गेले आणि घरोघरीची मुले त्यात उडू लागली. २०१३ पासून फ्रिशर इंडियाना विद्यापीठात होते. २०१६ साली त्यांनी हे काम लोकांपर्यंत नेण्यासाठी स्वतःची संस्था काढली आणि २०१८ साली डोळ्यांवर यंत्र लावून आत हिंडता येईल अशी नवी आवृत्ती निघाली. आरंभापासून तोवर बावीस वर्षे लोटली होती.

आता ही तीस आणि सात हजारांची गोष्ट जरा थांबून पाहू. चौथ्या शतकातल्या रोमन याद्या आज उपलब्ध आहेत. त्यांत शहरातल्या भाड्याच्या चाळीवजा इमारतींचा आकडा ४६,००० च्या घरात आणि श्रीमंतांच्या वाड्यांचा १,८०० च्या आसपास दिला आहे. आकडे आहेत, पण कोणती चाळ कोठे होती, तिला किती खिडक्या होत्या, हे त्यांतल्या बहुतेकांविषयी सांगता येत नाही. मग संगणकाला नियम सांगायचे: रोमन चाळीला साधारण इतके मजले, खाली दुकाने, छपराला कौले. शिंपी जसा एका बेतावरून दहा सदरे कापतो तशा संगणक इमारती करीत सुटतो. म्हणजे या भव्य शहरातले थोडेसे पुराव्याचे आणि बाकीचे सारे अंदाजाचे. अंदाज जाणकारांचा खरा, पण अंदाजच.

मी एका शाळेत इतिहास शिकवते. दोन वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गाला या रोमचे चलच्चित्र पडद्यावर दाखविले. दिवे मालवले होते. नदीवरून, तटावरून, कौलारू घरांवरून आम्ही सगळे जणू उडत होतो. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “बाई, हे विमानातनं काढलंय का?”

“अगं, तेव्हा विमानं कुठली?”

“मग ड्रोननं!” मागच्या बाकावरून उत्तर आले आणि वर्ग हसला.

पण त्या हशात एक मुलगा तसाच गंभीर बसून होता. त्याने विचारले, “बाई, यातलं खरं कुठलं नि मनातलं कुठलं?”

मी सांगितले, ते गोल मोठे दिसते ते कोलोसियम आजही उभे आहे, त्याची मापे पक्की आहेत. ही बारकी बारकी घरे मात्र तर्काने बसविलेली आहेत.

“मग त्यांना वेगळा रंग का नाही दिला?”

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण त्या मुलाचा प्रश्न ज्यांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले त्या पंडितांचाही प्रश्न आहे, हे मला वाचनाने ठाऊक होते. शब्दांत इतिहास लिहिताना ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘असे दिसते’ म्हणायची सोय असते. चित्रात ‘कदाचित’ कसे काढायचे? माहीत असलेली भिंत आणि कल्पिलेली भिंत, दोघींवर सारखेच ऊन पडते. म्हणून चित्र हे शब्दापेक्षा मोठे साक्षीदार, आणि खोटे बोलले तर मोठे खोटे बोलणारेही. या चिंतेतूनच २००६ साली लंडनमध्ये अभ्यासकांनी एक संहिता करावयास घेतली. २००९ मध्ये तिला आजचे रूप आले. भूतकाळाचे संगणकचित्र करणाऱ्याने आपला पुरावा कोणता, अंदाज कोणता, आणि अमुकच अंदाज का केला, याची नोंद ठेवून ती उघड करावी, हा तिचा गाभा. फ्रिशर यांनी पुढे २०१४ साली एक नियतकालिकच सुरू केले. त्यात लेखाबरोबर संगणकातला नमुनाही दुसऱ्या तज्ज्ञांच्या परीक्षेला द्यायचा. नुसते सुंदर असून भागायचे नाही; विचारल्यावर उत्तर देता आले पाहिजे.

मी कादंबऱ्या लिहिते, म्हणून ही गोष्ट मला आतून कळते. माझ्या कादंबरीतली पेशवाईतली बाई सकाळी उठून चुलीपुढे बसली, तर त्या दिवशी तिने काय रांधले याचा कागद दप्तरात नसतो. मी तिच्या हातात भाकरीचे पीठ देते आणि वाचक ते मान्य करतो. आम्हा दोघांत तसा करारच असतो. पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘कादंबरी’ असे छापलेले असते. इतिहासकाराशी वाचकाचा असा करार नसतो. त्यालाही कल्पना लागते. कल्पनेवाचून तुटका खांब पुन्हा छपराला भिडत नाही. पण तो जेथे कल्पना करतो तेथे त्याला तसे सांगावे लागते.

कोणी म्हणेल, रोमच्या दगडांशी आपल्याला काय करायचे आहे? त्या वर्गातही हे विचारले गेले. तेव्हा मी मिऱ्यांची गोष्ट सांगितली. संगणकातल्या रोममध्ये फोरमजवळ मॅक्सेंटियस सम्राटाने आरंभिलेले एक प्रचंड सभागृह दिसते. त्याच्या पायाखाली काय आहे? डोमिशियन सम्राटाने बांधलेली मिऱ्यांची कोठारे. हिंदुस्थानच्या दक्षिण किनाऱ्यावरचे मिरे जहाजांनी तेथवर जात. त्या काळच्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात आपल्या सोपाऱ्याचे, कल्याणचे आणि तेरचे नाव आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत तर रोमन जगातल्या पोसायडन या समुद्रदेवाची काशाची लहानशी मूर्ती निघाली. आपल्याकडचा मसाला त्यांच्या चौकात आणि त्यांचा देव पंचगंगेच्या काठी! रोम आपणांस अगदीच परके नाही.

परंतु हे सारे पाहण्यापुरतेच काय, असा प्रश्न उरतोच. चित्र सुंदर आहे, मुले खूष आहेत; पण त्याने विद्येत काय भर पडली? फ्रिशर यांचे खरे उत्तर येथे आहे. संगणकातला नमुना ही त्यांच्या मते तसबीर नव्हे, ती प्रयोगशाळा. कोलोसियमच्या नमुन्यात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांची गर्दी सोडून पाहिली. जाण्यायेण्याच्या सोयीबद्दल या इमारतीची फार ख्याती. पण वरच्या मजल्यांवरच्या अरुंद वाटांत कोंडी होते, असे दिसले. त्याहून नामी उदाहरण सूर्याचे आहे. ते जरा सविस्तर सांगते.

ऑगस्टस सम्राटाने इजिप्त जिंकल्यावर तेथल्या सूर्यनगरीतून एक एकसंध दगडाचा टोकदार स्तंभ रोमला आणला आणि ख्रिस्तपूर्व १० साली तो सूर्याला अर्पण करून मोकळ्या मैदानात उभा केला. नुसता स्तंभच सुमारे २२ मीटर उंच. त्याच्या उत्तरेला फरसबंदीत काशाची पट्टी बसवून रोज मध्यान्हीची सावली मोजायची व्यवस्था केली. प्लिनी हा रोमन ग्रंथकार तिचे वर्णन करतो. आणि प्रामाणिकपणे असेही नोंदवितो, की गेली तीसेक वर्षे ही सावली नेमकी पडत नाही! जवळच ख्रिस्तपूर्व ९ साली शांतिदेवतेची संगमरवरी वेदी पुरी झाली.

१९७६ साली एदमुंड बूखनर या जर्मन विद्वानाने एक विलक्षण कल्पना मांडली. हे सारे मैदान म्हणजे एक अवाढव्य छायायंत्र होते, आणि २३ सप्टेंबरला, म्हणजे ऑगस्टसच्या वाढदिवशी, स्तंभाची सावली थेट त्या वेदीच्या मध्याकडे जाई! कल्पना इतकी देखणी, की ती पाहता पाहता पुस्तकांत शिरली. पुढे बूखनर यांनी रोममधल्या एका घराच्या तळघराखाली खणले आणि काशाच्या पट्टीचा एक भाग, ग्रीक अक्षरांतल्या राशींच्या नावांसह, खरोखर सापडलाही. पण शंकाही निघाल्या. १९९० साली मिखाएल श्युट्झ यांनी गणितातले दोष दाखविले. पीटर हेस्लिन यांनी २००७ साली म्हटले, की हे मध्यान्हरेषेचे साधन; सबंध मैदानाचे घड्याळ नव्हेच.

आता जागेवर जाऊन पाहावे, तर तीही सोय नाही. स्तंभ मध्ययुगात पडला, पुरला गेला, आणि १७९२ साली थोडा दूर, आजच्या लोकसभेसमोर, पुन्हा उभा केला गेला. वेदीचे तुकडे एका वाड्याखाली होते. ते काढून १९३८ साली नदीकाठी जोडले. मूळ जागांवर आज दाट वस्ती आहे. स्तंभ हलला, वेदी हलली, मध्ये घरे उभी राहिली. जागेवर राहिला तो एकटा सूर्य!

फ्रिशर यांनी जॉन फिलवॉक यांच्यासह हे मैदान संगणकात परत उभे केले. स्तंभ त्याच्या जागी, वेदी तिच्या जागी, आणि आकाशात त्या काळचा सूर्य, अमेरिकेच्या नासा या अवकाशसंस्थेच्या गणिताप्रमाणे. मग वर्षाचे दिवस एकामागून एक फिरवून पाहिले. २०१३ च्या डिसेंबरात रोममध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. वाढदिवसाच्या सावलीची सुंदर कथा टिकत नाही. परंतु सावलीऐवजी सूर्याकडेच पाहिले तर? वेदीसमोरच्या जुन्या राजरस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला एका दिवशी सूर्यबिंब स्तंभाच्या नेमके टोकावर विसावलेले दिसते. तो दिवस ९ ऑक्टोबर. पॅलेटाइन टेकडीवर अपोलो या सूर्याशी एकरूप मानलेल्या देवाचे देऊळ ऑगस्टसने ख्रिस्तपूर्व २८ साली ज्या दिवशी अर्पण केले, तो हाच दिवस.

हे अखेरचे उत्तर आहे काय? सर्व विद्वानांनी ते मानले असे मुळीच नाही. त्यावर लेख आणि प्रतिलेख झाले. पण मौज पाहा. बूखनर यांची कल्पना तपासायला लोकांना कितीतरी वर्षे कागदावर गणिते करावी लागली. फ्रिशर यांचे म्हणणे खोडायचे तर त्यांचीच मापे घेऊन, त्यांच्याच मैदानात, त्यांच्याच सूर्याखाली उभे राहून खोडता येते. आपल्याला खोडण्याची सोय जो स्वतःच करून ठेवतो, त्याला मी खरा पंडित म्हणेन.

या विद्येचा एक कच्चा दुवाही सांगायला हवा. संगमरवरी नकाशा फुटला तरी अठराशे वर्षांनी त्याचे तुकडे वाचता येतात. संगणकातले काम दहा-पंधरा वर्षांत मुके होऊ शकते. इंग्लंडात १०८६ साली झालेली जमिनीची मोठी नोंदवही आजही उघडून वाचता येते. तिच्या नऊशेव्या वर्षी, १९८६ साली, तिची नवी आवृत्ती लेसर तबकड्यांवर केली, ती मात्र पंधरा-सोळा वर्षांत वाचणे कठीण होऊन बसले, कारण वाचणारी यंत्रेच मोडीत निघाली. पोथीला वाळवी लागायच्या आत नवी प्रत करणारा लेखक लागतो, तसा या नव्या पोथ्यांनाही लागेल. रोमची आवृत्तीमागून आवृत्ती काढीत राहणे हा नुसता हौसेचा भाग नव्हे. ती प्रत उतरविणे आहे.

जुन्या वास्तूंचे आराखडे काढणारांची एक साधी रीत आहे. सापडलेली भिंत सलग रेषेने दाखवायची. तर्काने पुरी केलेली भिंत तुटक रेषेने. एवढी तुटक रेषा इतिहासात जिवंत ठेवावी, म्हणून बर्नार्ड फ्रिशर आणि त्यांच्यासारखी माणसे झटली. ती पुसली गेली, की भूतकाळ हा ज्याच्या हाती चित्रकार असेल त्याच्या मालकीचा होतो. मुसोलिनीच्या प्रदर्शनाने जगाला एवढे तरी शिकविले आहे.

या दिवाळीत आपल्या अंगणातही किल्ला झाला असेल. बहुधा रायगडच असेल. १८१८ साली इंग्रजांच्या तोफांनी रायगडावर आग लागली आणि लाकडी वाडे जळून गेले. आज तेथे दगडी जोती आहेत, वरचे काही नाही. मुलांनी मातीचा वाडा मात्र छान मजल्यांचा केला असेल, खिडक्या ठेवल्या असतील, वर पिवळे निशाण लावले असेल. त्यांचे जरूर कौतुक करा. आणि मग हळूच जवळ बसून विचारा, “बाळ, यातलं गडावर अजून आहे ते कोणतं, आणि तू मनानं केलंस ते कोणतं?” मूल बोट दाखवून सांगू लागेल. तेथेच त्याचा इतिहासाचा पहिला धडा झाला असे समजा.